आंग धुवाच्या पाण्याचा हिशोब

डिसेंबरात सकाळची पहिली एसटी धरून मूलहून सिंदेवाहीकडे निघालं, की खिडकीची काच कितीही ओढली तरी गार वारा आत येतोच. शाल कानावर ओढून बसावं आणि बाहेर बघावं, तर रस्त्याच्या कडेनं बायका चाललेल्या असतात. डोक्यावर सरपणाची मोळी, अंगात नवऱ्याचा जुना स्वेटर, पायात रबरी चप्पल. तीनचार जणी एकामागे एक. दोन्ही बाजूंनी जंगल. हे दृश्य मी इतक्या वर्षांपासून बघते आहे, की त्यात काही विशेष आहे असं वाटेनासं झालं होतं.

पण गेल्या हिवाळ्यात अशाच एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. विषय होता महागाई आणि घरखर्चाची काटकसर. मी आपली नेहमीची उजळणी करून गेले होते. खर्चाची वही ठेवा, किराणा एकदम भरा, सणावाराला उधारी करू नका. बोलता बोलता सहज विचारलं, "गॅस किती दिवस पुरतो गं तुम्हाला?"

एक जण अभिमानानं म्हणाली, "पाच महिने पुरते बाई!" दुसरी म्हणाली, "आमचा तं दिवाळीचा अजून चालूच हाय." सगळ्यांनी कौतुकानं तिच्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. मग विचारलं, "आणि आंघोळीचं पाणी?"

सगळ्या हसल्या. "आंग धुवाचं पाणी का हिशोबात धरतेत, बाई? ते तं चुलीवरच राह्यते."

त्या दिवशी घरी आल्यावर मला ते वाक्य काही सुटेना. कारण खरं सांगायचं तर मीसुद्धा ते पाणी कधी हिशोबात धरलं नव्हतं. माझ्या वहीत दूध आहे, तेल आहे, विजेचं बिल आहे, सिलिंडरची तारीख आहे. पहाटे उठून मागच्या अंगणात पेटवायची चूल त्यात कुठंच नाही.

सिलिंडर आला, पण सरपण थांबलं नाही

मैत्रिणींनो, आधी सिलिंडरचंच बघू. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथं प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली. कनेक्शन घरातल्या बाईच्या नावावर, ही त्यातली मोठी गोष्ट. पुढं देशभरात दहा कोटींच्या वर कनेक्शनं झाली. आपल्या जिल्ह्यांत जंगलालगतच्या गावांसाठी वनखात्याची डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ मध्ये आली, त्यातूनही सवलतीत गॅस मिळाला. हेतू दुहेरी होता. बाईला धुरातून सोडवायचं आणि जंगलाला कुऱ्हाडीतून.

शेगडी घराघरात पोचली, हे खरंच आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पाहुणे आले की चहाला शेगडी, आजारी माणसाला रात्री पेज करायला शेगडी, शाळेच्या घाईत पोहे करायला शेगडी. पण सिलिंडर संपल्यावर दुसरा किती घरांत येतो? सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यांनुसार उज्ज्वलाच्या कुटुंबानं २०१९-२० मध्ये वर्षाला सरासरी तीन सिलिंडर घेतले. २०२३-२४ पर्यंत हा आकडा चारच्या जवळ आला. वाढ झाली, पण इतर ग्राहक वर्षाला सहासात घेतात. म्हणजे उरलेला स्वयंपाक कशावर होतो, हे वेगळं सांगायला नको.

भावाचा उतारा बघा. दिल्लीत अनुदान नसलेला १४.२ किलोचा सिलिंडर नोव्हेंबर २०२० मध्ये ५९४ रुपयांना होता. मार्च २०२३ मध्ये तोच ११०३ रुपयांना झाला. अडीच वर्षांत जवळजवळ दुप्पट. मग ऑगस्ट २०२३ अखेर २०० रुपये आणि मार्च २०२४ मध्ये १०० रुपये उतरले, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ५० रुपये चढले. आपल्याकडे गाडीभाडं धरून हा भाव दिल्लीपेक्षा जास्तच पडतो. उज्ज्वलाच्या बायकांना मे २०२२ पासून २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये अनुदान सुरू झालं. राज्य सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली, तीत वर्षाला तीन सिलिंडरचे पैसे देण्याचं ठरलं.

मग अडतं कुठं? अडतं ते एकरकमी पैशापाशी. अनुदान खात्यात नंतर येतं, गाडीवाल्याला रक्कम आधी मोजावी लागते. २०२४-२५ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. म्हणजे भरलेला सिलिंडर घरात घ्यायला तीन दिवसांची अख्खी मजुरी एकाच वेळी हातात पाहिजे. रोज आणून रोज खाणाऱ्या घरात तीन दिवसांची मजुरी एका जागी कधी साचते? धान कापणीचे चार पैसे येतात तेव्हा, नाहीतर तेंदूपत्त्याचे येतात तेव्हा. मधल्या महिन्यांत नाही. पूर्वी रेशनच्या रॉकेलचा थोडा आधार होता. गॅस कनेक्शन घेतलं, कार्डावर शिक्का पडला आणि तेही गेलं. राहिलं काय, तर जंगल. जंगलात जायला आधी पैसे मोजावे लागत नाहीत.

एका बादलीला किती जळतं?

आता त्या पाण्याकडे येऊ. मी कला शाखेची पदवीधर, गणितात कच्चीच. पण मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या आधारानं हा हिशोब मांडला, तो तुमच्यापुढं ठेवते. आकडे अंदाजे आहेत, पण कल्पना यायला पुरेसे आहेत.

आंघोळीची एक बादली म्हणजे साधारण १५ लिटर पाणी. हिवाळ्यात टाकीतलं पाणी २० अंशांच्या आसपास असतं. अंगाला बरं वाटेल इतकं, म्हणजे ४०-४२ अंशांपर्यंत ते न्यायचं, तर गॅसच्या शेगडीवर पन्नास ग्रॅमच्या आसपास गॅस लागतो. पाच माणसांच्या घरात रोज पाव किलो झाला. महिन्याला साडेसात किलो. सिलिंडरमध्ये असतो १४.२ किलो. म्हणजे निम्म्याहून जास्त सिलिंडर नुसत्या आंघोळीत वाहून गेला! आता सांगा, कुठली शहाणी बाई गॅसवर आंघोळीचं पाणी तापवेल? गटातल्या त्या बायका चुकत नव्हत्या. त्यांचं गणित माझ्यापेक्षा पक्कं होतं.

पण तेच पाणी तीन दगडांच्या चुलीवर तापवलं तर? अशा चुलीत लाकडातली बहुतेक उष्णता भांड्याला न लागता इकडेतिकडे जाते. दहा हिश्श्यांतला एखाददुसरा हिस्साच पाण्याला मिळतो. त्यामुळे एका बादलीला पाऊण किलो ते किलोभर लाकूड लागतं. पाच माणसांना रोज चारपाच किलो. महिन्याला सव्वाशे-दीडशे किलो. डोक्यावरची एक मोळी वीसपंचवीस किलोची धरली, तर महिन्याला सहा मोळ्या फक्त आंघोळीच्या. स्वयंपाकाच्या त्यात नाहीत, शेकोटीच्या नाहीत, जनावरांच्या आंबोणाच्या नाहीत.

सहा मोळ्या म्हणजे जंगलात निदान सहा खेपा. हे काम कुणाच्या वहीत नाही, म्हणून ते फुकट वाटतं. "पाच महिने गॅस पुरवला" या कौतुकाच्या मागं पंचवीसतीस खेपा उभ्या असतात, त्या कुणाला दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला त्या बैठकीत कळली. पाणी तापवते कोण? बाई. त्या पाण्यानं पहिली आंघोळ कुणाची? घरातल्या पुरुषांची, मग शाळेच्या पोरांची, मग सासऱ्यांची-सासूबाईंची. बाईची पाळी येईपर्यंत चूल विझलेली असते आणि गंजात कोमट पाणी उरलेलं असतं. हे सांगताना कुणी तक्रार करत नव्हतं. जशी रीत आहे तशी सांगत होत्या.

आपल्या जिल्ह्यात लाकडाची किंमत वेगळी आहे

दुसऱ्या जिल्ह्यात सरपण महाग पडलं तर पाठ दुखते. आपल्याकडे जीव जाऊ शकतो. सिंदेवाही, मूल, सावली, नागभीड, ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडे आरमोरी, वडसा. या पट्ट्यात वाघ अभयारण्याच्या आतच राहतो असं नाही, तो गावाच्या शिवारातही असतो. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा (माल) गावच्या तीन बायका तेंदूपत्ता तोडायला गेल्या आणि वाघिणीच्या हल्ल्यात तिघींचा जीव गेला. एकाच गावच्या, एकाच दिवशी. ती तेंदूची वेळ होती, सरपणाची नव्हती. पण ज्या कारणासाठी त्या गेल्या होत्या, ते कारण एकच असतं. घर चालवायचं असतं.

वाकून काम करणाऱ्या माणसावर वाघ चटकन हल्ला करतो, कारण खाली वाकलेला माणूस त्याला माणसासारखा दिसत नाही, असं जाणकार सांगतात. पान तोडणं, मोहफूल वेचणं, काटक्या गोळा करणं ही सगळी कामं वाकूनच होतात आणि ती बहुतेक बायकाच करतात. हिवाळ्यात तर जास्तच, कारण थंडीत सरपण दुप्पट लागतं.

यावर "बायकांनी जंगलात जाऊच नये" असं म्हणणारे भेटतात. मी नम्रपणे विचारते, मग पाणी कशावर तापवायचं ते सांगा. आपल्या चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. इथला कोळसा जळतो, इथल्या आभाळात धूर जातो आणि राज्याच्या कानाकोपऱ्यात गिझर चालतात. त्याच जिल्ह्यातली बाई पहाटे काटक्या वेचायला निघते. हे कुणावर रागावून लिहीत नाही, पण हिशोब मांडायचा तर हाही आकडा मांडला पाहिजे.

जंगलात जायचं ठरलंच तर काही गोष्टी पाळल्याच पाहिजेत. एकटीनं जाऊ नये. उजाडल्या उजाडल्या आणि दिवस मावळताना जाऊ नये, ऊन चांगलं वर आल्यावर जावं. चारपाच जणींत एकीनं काम न करता उभं राहून नजर ठेवावी, आळीपाळीनं. बोलत, आवाज करत काम करावं. आणि जाणाऱ्यांत घरातला पुरुषही असावा. सायकलवर दोन मोळ्या तो सहज आणू शकतो. सरपण हे बाईचंच काम, असं कोणत्या पोथीत लिहिलं आहे?

काटकसर नेमकी कशाची करायची?

मला वाटतं, आपण काटकसरीची व्याख्याच थोडी चुकवली आहे. पैसा वाचला की काटकसर झाली, असं आपण समजतो. पण सिलिंडर वाचवण्यासाठी मोळ्या वाढल्या, तर बचत झालेली नाही. खर्च पाकिटातून निघून बाईच्या मानेवर, गुडघ्यावर आणि छातीत गेला इतकंच. घरातल्या चुलीच्या धुरानं २०२० या एका वर्षात जगभरात अंदाजे ३२ लाख माणसं दगावली, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तोही खर्चच की. खरी काटकसर ती, जिच्यात मुळात जळणच कमी लागतं, मग ते गॅस असो की लाकूड. असे उपाय आहेत आणि ते फार महागही नाहीत.

पहिला उपाय बंबाचा. आपल्या आजीच्या घरी तांब्याचा बंब होता, आठवतो? मधे नळी, भोवती पाणी, खाली जाळ. नळीतून जाणारा सगळा जाळ पाण्याच्या अंगानं जातो, म्हणून उष्णता वाया कमी जाते आणि मोठं लाकूड लागत नाही. काटक्या, तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या, भुट्ट्याची कणसं, काहीही चालतं. म्हणजे मोठ्या लाकडासाठी जंगलात खोल शिरावं लागत नाही, बांधावरचं जळण पुरतं. वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन ट्रस्ट या वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलालगतच्या गावांत अशा बंबांचा प्रयोग केला आहे. त्यांच्याही लक्षात हेच आलं होतं, की घरात गॅस असूनही लाकूड जातं ते मुख्यतः पाणी तापवायला. वाघ वाचवायला निघालेली माणसं शेवटी आंग धुवाच्या पाण्यापाशी येऊन पोचली, हे मला फार बोलकं वाटतं.

बंब एकदम घेणं जड जातं, हे मान्य. म्हणूनच गट कामाला आणायचा. दहा जणींनी भिशीसारखे पैसे काढायचे आणि चिठ्ठी टाकून पाळीपाळीनं एकेकीच्या घरी पत्र्याचा साधा बंब आणायचा. ज्या घरात म्हातारं माणूस किंवा बाळंतीण आहे, तिचा नंबर पहिला. शिलाई मशिनीला कर्ज देतो, शेळीला देतो, तसंच बंबाला द्यावं. त्यातून उत्पन्न येत नाही असं कुणी म्हणेल. महिन्याच्या सहा मोळ्यांपैकी निम्म्या वाचल्या, तर तेवढ्या वेळात ती बाई काय काय करेल ते मोजा.

दुसरा उपाय उन्हाचा, आणि तो अगदीच फुकट. आपल्या हिवाळ्यातही दुपारचं ऊन चांगलं कडक असतं. काळ्या पडलेल्या गंजात पाणी भरून झाकण ठेवून अकरा वाजता अंगणात ठेवलं, की तीनपर्यंत ते छान कोमट होतं. लहान मुलांची, म्हाताऱ्या माणसांची आंघोळ पहाटे कशाला? दुपारी उन्हातल्या पाण्यानं घालावी. जुन्या बायका हे करायच्याच. पहाटेची आंघोळ हे पुण्य असेल, पण त्या पुण्यासाठी जळतं किती तेही बघावं.

तिसरं, जिथं वीज नीट असते तिथं बादलीतला रॉड. एका बादलीला अर्ध्या युनिटच्या आत काम होतं. पाच जणांना महिन्याला साठेक युनिट. बिल वाढेल, पण एकदम तीन दिवसांची मजुरी मोजावी लागत नाही. रॉड मात्र चांगल्या प्रतीचा घ्यावा, प्लास्टिकच्या बादलीत वापरावा आणि प्लग काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नये. पोरांना तिथं फिरकू देऊ नये.

चौथं स्वयंपाकाचं. डाळ, चणे, वाटाणा रात्री भिजत घालावा. भातही धुऊन अर्धा तास भिजवावा. भांड्यावर झाकण ठेवावं. उकळी आली की आच बारीक करावी, कारण उकळत्या पाण्याखाली जाळ वाढवला तरी पाणी अधिक गरम होत नाही, वाफ तेवढी वाया जाते. डाळीला दोन शिट्ट्या झाल्या, की कुकर उतरवून जुन्या गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवून द्यावा. अर्ध्या तासात डाळ आपल्या उष्णतेवर शिजून निघते. पुण्याच्या आरती संस्थेनं आणि डॉ. आनंद कर्वे यांनी कमी इंधनाच्या चुलींवर आणि कांडी कोळशावर मोठं काम केलं. त्यांचा सराई कुकर शंभरेक ग्रॅम कांडी कोळशावर कुटुंबाचा स्वयंपाक करतो. उष्णता कोंडून ठेवायची, हेच त्यातलंही तत्त्व.

ऊब विकत घ्यावी लागत नाही

हेच तत्त्व अंगालाही लागू. गोधडी गरम नसते, ती आपल्या अंगाची उष्णता अडवून धरते. म्हणून एका जाड ब्लँकेटपेक्षा दोन पातळ पांघरुणं जास्त ऊब देतात, मधे हवा अडकते. थंडी वरून जितकी येते तितकीच खालून. धानाच्या पट्ट्यात आपल्याकडे तणसाची कमी नाही. कोरडं तणस पोत्यात भरून त्यावर गोधडी टाकली, की गादीची गरज नाही. आठवड्याला ते उन्हात टाकावं. कवेलूचं घर रात्री ऊब धरून ठेवतं, टिनाचं धरत नाही. घरकुलावर टिन असेल तर झोपायच्या जागेवर आतून पोत्यांचं किंवा जुन्या साड्यांचं छत ताणून बांधावं, फरक कळतो.

एक मात्र हात जोडून सांगते. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घूसकडे कोळशाची शेगडी घरोघर असते. ती रात्री झोपायच्या खोलीत ठेवून दार-खिडकी बंद करू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. माणूस झोपेतच बेशुद्ध होतो आणि उठत नाही. शेकायचं तर बाहेर ओसरीत शेका आणि झोपायच्या आधी निखारे विझवा.

आणि ज्या घरात बाळ जन्मलं आहे तिथं तर उबेचा प्रश्न जीवन-मरणाचा असतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्यात जंतुसंसर्ग ओळखणं आणि त्यावर उपचार होते, श्वासाचं बघणं होतं, तसंच बाळाला ऊब देणंही होतं. नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास छापून आला आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई घरी येऊन बाळ बघू लागल्या, ते याच कामाच्या आधारे. त्यांच्या सांगण्यातली उबेची गोष्ट किती साधी आहे बघा. जन्मल्याबरोबर बाळाला आंघोळ घालू नका, निदान एक दिवस थांबा. कोरडं पुसा, टोपी घाला, आईच्या उघड्या छातीशी धरा आणि वरून दोघांना पांघरूण घाला. आईच्या अंगाइतकी ऊब कुठल्याच शेगडीत नाही. आपल्याकडे मात्र बाळ येताच गरम पाण्याचे हंडे चढतात आणि बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी धुमसते. इंधनही जातं आणि बाळही गारठतं.

हा प्रश्न एकटीचा नाही

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, म्हणजे पुन्हा बाईनंच जास्त हुशारीनं वागायचं. तसं माझं म्हणणं नाही. घरातला उपाय घरात, पण जंगल काही घरात नसतं. ते गावाचं असतं. आपल्या जुन्या मध्य प्रांतात निस्ताराचा हक्क होता, घरगुती गरजेचं लाकूड गावाला मिळायचं. २००६ च्या वनहक्क कायद्यातही गौण वनोपजांच्या यादीत तेंदू, बांबूबरोबर काटक्या-झुडपं आणि खुंट यांचा उल्लेख आहे. आपण तेंदू आणि बांबूवर बोलतो, कारण त्यात रोकड आहे. काटक्यांवर बोलत नाही, कारण त्या बायका आणतात.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये तिथल्या ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकण्याचे वाहतूक परवाने मिळाले. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला. तेंदूसाठी झाडं छाटावी लागतात आणि जंगलात आगी लागतात, म्हणून तेंदूच तोडायचा नाही, असा निर्णय त्या छोट्या गावानं घेतला आणि बांबूवर रोजगार उभा केला. गाव एकत्र बसून एवढं ठरवू शकतं, तर सरपणाचंही ठरवू शकतं. कोणत्या भागात जायचं, कोणत्या दिवशी सगळ्यांनी मिळून जायचं, गावाजवळ जळणाची झाडं कुठं लावायची, बांबूच्या पैशातून घरटी एक बंब द्यायचा का. गडचिरोलीत असे हक्क मिळालेली गावं शेकड्यांनी आहेत. प्रश्न एवढाच, की ग्रामसभेत हा विषय मांडणार कोण? ज्यांच्या डोक्यावर मोळी असते त्यांनीच मांडायला हवा.

संक्रांत आली की आपण हळदीकुंकू करतो, वाण देतो. प्लास्टिकचे डबे आणि चाळण्या घरात ठेवायला जागा नाही. या वेळी एक करा. तिळगूळ देताना प्रत्येकीला विचारा, "तुमच्याकडे महिन्याला किती मोळ्या लागतात?" उत्तर एका वहीत लिहून ठेवा आणि ती वही २६ जानेवारीच्या ग्रामसभेत घेऊन जा.

माझ्या घरी मी सुरुवात केली आहे. खर्चाच्या वहीत सिलिंडरच्या तारखेखाली आता सरपणाचाही रकाना आहे. पहिल्या महिन्याचा आकडा पाहून आमचे हे बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी काटक्या फोडायला ते स्वतः मागच्या अंगणात गेले. आंघोळीला पहिला नंबर अजून त्यांचाच आहे, पण त्यावरही बोलणं चालू आहे.